पहिली गोळी कोणती?

जालन्यातल्या एका मेडिकलचे मालक आणि मुंबईत रक्तविकारांचं पुढचं शिक्षण घेणारी त्यांची भाची यांचं एका प्रश्नावर जमत नाही. सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग, एखाद्याला नुकताच निघाला असेल, तर त्याला पहिली गोळी कोणती द्यायची? मामा म्हणतात, इमॅटिनिब, विषय संपला. भाची म्हणते, विषय तिथून सुरू होतो. (हे दोघे या लेखापुरते उभे केले आहेत आणि त्यांच्या बोलण्यात येणारे रुग्णही. औषधं, निकाल आणि आकडे मात्र खरे आहेत.)

असा वाद घालता येतो, हीच मुळात अलीकडची गोष्ट. २००१ च्या आधी या आजारात निवड करण्यासारखं फारसं नव्हतं. हायड्रॉक्सियुरियाने पांढऱ्या पेशींचा आकडा खाली यायचा, पण आजार आपल्या गतीने पुढे सरकायचा. इंटरफेरॉनची इंजेक्शनं रोज टोचून घ्यावी लागत आणि त्यांनी येणारा ताप, अंगदुखी, उदासी पाहून कित्येक जण ती मध्येच सोडून देत. तिसरा मार्ग बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा. त्याला जुळणारं भावंड हवं, पैसा हवा आणि उपचारातच दगावण्याचा धोका पत्करायची तयारी हवी. बहुतेकांच्या हातात तीन ते पाच वर्षं असत.

आजार सापडतो तो बहुधा दुसऱ्याच कशाच्या तरी तपासात. महिनोन्महिने थकवा असतो, वजन उतरतं, डाव्या बरगडीखाली जड वाटतं, चार घास खाल्ले की पोट भरतं. पानथरी वाढलेली असते, आणि मराठवाड्यात पानथरी म्हटलं की आधी मलेरियाच आठवतो. मग कुणीतरी सीबीसी करायला सांगतं. पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजारांच्या आत असायला हव्यात, त्या लाख, दीड लाख, कधी तीन लाख निघतात. लॅबवाला मशीनवर शंका घेऊन पुन्हा एकदा नमुना लावतो. तिथून पुढे छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, नाहीतर तिथलंच शासकीय कर्करोग रुग्णालय, नाहीतर एकदम मुंबईचं टाटा रुग्णालय. पाश्चात्त्य देशांत हा आजार प्रामुख्याने साठीच्या आसपासच्या लोकांचा. आपल्याकडे तिशी-चाळिशीतले रुग्ण त्यात भरपूर असतात, म्हणजे ज्यांच्या जिवावर घर चालतं ते.

मूळ बिघाड एकाच जागी आहे. १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं. ते आखूड का, हे १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवलं: नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांना जोडले गेलेले असतात. त्या सांध्यावर बीसीआर-एबीएल नावाचं जनुक तयार होतं आणि ते एक असं प्रथिन बनवतं जे पेशीला ‘वाढ, वाढ’ एवढंच सांगत राहतं. विहिरीवरच्या मोटारीचा ऑटो-स्टार्टर बिघडून मोटार बंदच होऊ नये, तसं. एटीपी हा रेणू या प्रथिनाच्या ज्या खाचेत बसून त्याला शक्ती पुरवतो, त्याच खाचेत इमॅटिनिब जाऊन बसतं. प्रथिन गप्प होतं, बिघडलेल्या पेशी मरू लागतात. निरोगी पेशींत हे प्रथिनच नसतं, त्यामुळे केस गळणं, तोंड सोलवटणं हे जुन्या केमोथेरपीचं भोगणं इथे सहसा येत नाही.

ओरेगनच्या डॉ. ब्रायन ड्रुकर यांनी जून १९९८ मध्ये पहिल्या रुग्णाला ही गोळी दिली. त्या पहिल्या चाचणीत दिवसाला ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त मात्रा घेणाऱ्या ५४ पैकी ५३ जणांच्या रक्तातल्या पेशींचा आकडा पूर्ववत झाला. असा निकाल कर्करोगाच्या दुनियेत क्वचितच कुणी पाहिला होता. १० मे २००१ रोजी अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली आणि नोव्हार्टिस कंपनीने ते ग्लिवेक या नावाने बाजारात आणलं.

मामांचं म्हणणं सुरू होतं ते इथून, पण त्यांना औषधाच्या रसायनात रस नाही. “किंमत सांग आधी,” ते म्हणतात.

भारतात ग्लिवेकची किंमत महिन्याला सव्वा लाखाच्या घरात होती. हैदराबादच्या नॅट्कोने २००३ मध्ये वीनॅट नावाने तेच औषध आणलं, इतर भारतीय कंपन्याही उतरल्या, आणि महिन्याचा खर्च आठ-दहा हजारांवर आला. तेव्हा आपल्या कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. रेणूवरचं पेटंट १ जानेवारी २००५ पासून लागू झालं. मधल्या काळासाठी एक तरतूद होती, एकाधिकाराने विक्री करण्याच्या हक्काची. नोव्हेंबर २००३ मध्ये नोव्हार्टिसला तो हक्क मिळाला. मद्रास उच्च न्यायालयाने काही भारतीय कंपन्यांना मनाई केली, मुंबई उच्च न्यायालयाने तशी मनाई करायला नकार दिला. एकाच देशात, एकाच औषधाबाबत.

“आणि त्या वेळी उभं कोण राहिलं? मुंबईची संस्था,” मामा म्हणतात. त्यांचा रोख कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनकडे आहे. वाय. के. सप्रू यांच्या या संस्थेने ग्लिवेकच्या पेटंट अर्जाला हरकत घेतली, लॉयर्स कलेक्टिव्हचे आनंद ग्रोव्हर यांनी तिची बाजू मांडली. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. कंपनीने पेटंट कायद्याच्या, जुन्या रेणूच्या नव्या रूपाला वाढीव परिणामकारकतेशिवाय पेटंट नाकारणाऱ्या, कलम ३(ड) लाच मद्रास उच्च न्यायालयात आव्हान दिलं, तिथे २००७ मध्ये हरली. अपिलीय मंडळापुढे २००९ मध्ये हरली. १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने शेवटचा निकाल दिला. कंपनी ज्यावर पेटंट मागत होती तो रेणू नवा नव्हताच, झिमरमन यांच्या १९९३ च्या पेटंटात तो येऊन गेला होता. नवा होता तो त्याच्या क्षाराचा बीटा स्फटिक. तो शरीरात ३० टक्के जास्त शोषला जातो, असा दावा होता. न्यायालयाने म्हटलं, कायद्याला परिणामकारकता हवी आहे ती रोग बरा करण्यातली, आणि ती वाढल्याचं दाखवलेलं नाही.

ही कथा सांगताना बरेच जण एक गफलत करतात. निकालामुळे औषध स्वस्त झालं, असं नव्हे. ते दहा वर्षं आधीच स्वस्त झालं होतं, निकालाने ते तसं राहू दिलं. मामांना हा फरक पटतो, पण महत्त्वाचा वाटत नाही.

भाचीला वाटतो. “तुम्ही नेहमी ही गोष्ट अर्धी सांगता, मामा. ड्रुकर आणि कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ नसते तर नॅट्कोने काय बनवलं असतं? आणि कंपनी फुकटही देत होती.” हेही खरंच आहे. ग्लिवेकच्या मदत-कार्यक्रमातून, द मॅक्स फाउंडेशनमार्फत, हजारो भारतीयांना औषध विनामूल्य मिळालं. भारतात ग्लिवेक घेणाऱ्या सोळा हजारांहून जास्त रुग्णांपैकी ९५ टक्क्यांना ते फुकट मिळतं, असं कंपनीने २०१३ मध्ये सांगितलं होतं.

“फुकट म्हणजे त्यांच्या मर्जीवर,” मामा. “माझ्या काउंटरवर येणाऱ्याला पावती मिळते. पावतीवर हक्क असतो, दानावर नसतो.”

“पण जगले ते त्या दानावर जगले.”

इथे मामा गप्प बसतात. या मुद्द्यावर दोघांपैकी कुणा एकाला पूर्ण बरोबर ठरवणं अवघडच आहे, आणि २००३ साली निदान झालेल्या माणसाला हा प्रश्न पडलाही नसेल. त्याला गोळी हवी होती.

आता मूळ वाद. इमॅटिनिबनंतर त्याच प्रथिनावर चालणारी, पण जास्त जोरकस औषधं आली: डॅसाटिनिब, निलोटिनिब, बोसुटिनिब. सुरुवातीला ती इमॅटिनिब चालेनासं झालेल्यांसाठी होती. मग प्रश्न आला, जोरकस आहेत तर पहिल्या दिवसापासूनच का देऊ नयेत? भाचीच्या वहीत दोन चाचण्या ठळक आहेत. निलोटिनिबच्या चाचणीत ८४६ नवे रुग्ण होते. बारा महिन्यांनी बीसीआर-एबीएलची पातळी ०.१ टक्क्याच्या खाली गेलेले निलोटिनिबवर ४४ टक्के, इमॅटिनिबवर २२. डॅसाटिनिबच्या चाचणीत ५१९ नवे रुग्ण, आणि तसाच निकाल: ४६ विरुद्ध २८.

“निलोटिनिबवर तर दुप्पट,” भाची म्हणते. “पहिल्या वर्षात आजार जितका खोल दबतो, तितकं पुढे तो उसळण्याचं भय कमी. तुम्ही गिऱ्हाइकाला अर्ध्या ताकदीची वस्तू विकाल का?”

“जगले किती ते सांग.”

भाची सांगते, कारण ती प्रामाणिक आहे. डॅसाटिनिबच्या चाचणीत पाच वर्षांनी हयात असलेले ९१ टक्के, इमॅटिनिबवरचे ९०. निलोटिनिबच्या चाचणीत दहा वर्षांनी दोन्हीकडे ८८ च्या आसपास. इमॅटिनिबच्या मूळ मोठ्या चाचणीत, ज्यात ११०६ रुग्णांना इमॅटिनिब किंवा इंटरफेरॉन दिलं गेलं, इमॅटिनिबच्या गटातले दहा वर्षांनी ८३ टक्के हयात होते. इमॅटिनिब कमी पडलं तर वेळेत ओळखून गोळी बदलता येते, म्हणून शेवटी आकडे जवळ येतात.

“मग भांडण कशाचं?” मामा काउंटरवरून हात झाडल्यासारखं करतात.

भांडण ‘वेळेत ओळखून’ या दोन शब्दांचं आहे, पण तिथे दोघं नंतर पोहोचतात. आधी मामांचा दुकानदारी अनुभव बोलतो, आणि या लेखाच्या मते त्यांची बाजू इथे सगळ्यात भक्कम आहे. इमॅटिनिब ४०० ची गोळी दिवसातून एकदा, जेवणानंतर, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर. डोळ्यांभोवती सूज येते, पायात गोळे येतात, मळमळतं. पण घेणं सोपं. निलोटिनिब दिवसातून दोनदा, आणि रिकाम्या पोटी: आधी दोन तास काही खायचं नाही, नंतर एक तास नाही. शिवाय ते हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं, साखर वाढवू शकतं, आणि वर्षं जातात तसं रक्तवाहिन्या तुंबण्याचं प्रमाण इमॅटिनिबपेक्षा कितीतरी जास्त दिसतं.

डॅसाटिनिबचं वेगळंच. ते जठरातल्या आम्लावर अवलंबून असतं. ॲसिडिटीची ओमेप्राझोलसारखी गोळी सोबत घेतली तर शोषण ४३ टक्क्यांनी घटतं. “आता मला सांग,” मामा म्हणतात, “या जिल्ह्यात ॲसिडिटीच्या गोळीशिवाय चिठ्ठी निघते का? गुडघ्याला लिहिली तरी वर पॅन-डी. पेशंट टाटाची गोळी सांगत नाही, गावातला डॉक्टर विचारत नाही, आणि मी दोन्ही पुड्यांत बांधून देतो.” डॅसाटिनिबने छातीत, फुप्फुसाच्या आवरणात पाणीही होतं. त्या चाचणीत पाच वर्षांत २८ टक्क्यांना झालं होतं, इमॅटिनिबवर एक टक्क्यालाही नाही. आणि छातीत पाणी म्हटलं की आपल्याकडे पहिला संशय टीबीचा. टीबीचं औषध सुरू झालं तर त्यातलं रिफॅम्पिसिन कर्करोगाच्या या गोळ्या यकृतात झपाट्याने संपवून टाकतं. म्हणजे दुष्परिणाम ओळखायला चुकलं की उपचारही गेला.

“इमॅटिनिबलाही रिफॅम्पिसिन मारक आहे,” भाची आठवण करून देते.

“आहे. पण इमॅटिनिबने टीबीचा संशय घ्यायची वेळ आणली नाही कधी.”

यावर भाची मात्रा कमी करण्याचा मार्ग काढते. अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्राने नव्या रुग्णांना डॅसाटिनिब दिवसाला १०० ऐवजी ५० मिलिग्रॅम दिलं, परिणाम चांगला टिकला आणि पाणी होण्याचं प्रमाण खाली आलं. अर्धी गोळी म्हणजे खर्चही कमी. शिवाय डॅसाटिनिबचं भारतातलं पेटंट एप्रिल २०२० मध्ये संपलं, त्यानंतर बऱ्याच भारतीय कंपन्यांनी ते बाजारात आणलं. स्वस्त इमॅटिनिब आणि महाग डॅसाटिनिब ही जुनी मांडणी आता तितकी उरलेली नाही. मामांना हे माहीत आहे, त्यांच्याच फडताळात दोन्ही असतात. तरीही ते मान डोलावतात ती होकारार्थी नाही.

धरून चाला, मंठा तालुक्यातला बत्तीस वर्षांचा माणूस आहे. दसरा-दिवाळी झाली की बायकोसोबत कोयत्यावर जातो, सांगली-कोल्हापूरकडे किंवा सीमेपलीकडे कर्नाटकात. मुकादमाकडून उचल घेतलेली आहे, ती फिटेपर्यंत परत येता येत नाही. कोपीत राहायचं, पहाटे फडात उतरायचं, गाडी भरायला रात्री-अपरात्री उठायचं. अशा माणसाला सीएमएल निघाला.

“याला निलोटिनिब दे बघू,” मामा आव्हान देतात. “आधी दोन तास उपाशी, नंतर एक तास. दिवसातून दोनदा. आणि ऊस तोडायचा.”

“त्याला मी निलोटिनिब देणारच नाही. पण तुमचं इमॅटिनिब तरी तो रोज घेईल का?”

हा प्रश्न बरोबर जागी लागतो. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात ८७ रुग्णांच्या बाटल्यांच्या झाकणांत एक इलेक्ट्रॉनिक चिप बसवली होती, बाटली केव्हा उघडली ते नोंदवणारी. २०१० मध्ये निकाल छापून आला. ठरलेल्या गोळ्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त घेणाऱ्यांत ०.१ टक्क्याची पातळी गाठण्याची सहा वर्षांतली शक्यता ९४.५ टक्के. ९० किंवा कमी घेणाऱ्यांत २८.४. आणि ८० टक्क्यांहून कमी घेणाऱ्यांत खोलवर उतार एकालाही मिळाला नाही. महिन्याच्या तीसपैकी तीन गोळ्या चुकल्या की माणूस खालच्या गटात गेला. ही लंडनची गोष्ट, जिथे औषधासाठी खिशात हात घालावा लागत नाही आणि ऊस तोडावा लागत नाही.

दोन औषधांतलं ४४ विरुद्ध २२ चं अंतर आणि नियमित-अनियमितपणातलं ९४ विरुद्ध २८ चं अंतर शेजारी ठेवलं की कुठला प्रश्न मोठा ते दिसतं. तज्ज्ञांच्या परिषदांत मात्र पहिल्या प्रश्नावर तासन्‌तास बोललं जातं. दुसऱ्यावर औषध कंपनीला पैसे मिळवण्यासारखं काही नाही.

चुकण्याची कारणं आळसाची नसतात. दोन महिन्यांत बरं वाटू लागतं, पानथरी खाली बसते, मग ‘रोज कशाला’ असं वाटतं. घरातल्या बाकीच्यांना आजार सांगितलेला नसतो. इमॅटिनिबने कातडीचा रंग उजळतो, सावळ्या चेहऱ्यावर ते लगेच दिसतं आणि गावात कुजबुज सुरू होते की कोड उठलं. लग्नाच्या मुलीने यासाठी गोळी बंद केली तर तिला दोष देणं सोपं नाही. मामांचा उपाय साधा आहे: हंगामाला निघण्याआधी चार महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या, बायकोच्या हाती द्या, आणि जिथे जाणार तिथल्या एका मेडिकलचा नंबर कार्डावर लिहा. यात हुशारी काही नाही, पण हे करणारं कुणीतरी लागतं.

भाचीचा पत्ता याहून वेगळा आहे, आणि तो टाकला की मामांची पंचाईत होते. परतूरची सत्तावीस वर्षांची बाई, लग्नाला दोन वर्षं झालेली, मूल हवं असलेली. गरोदरपणात यातली एकही गोळी चालत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भात व्यंग येण्याचा धोका आहे. “तिला मी काय सांगू? आयुष्यभर गोळी घे आणि मूल विसर?”

तिच्याकडे उत्तर आहे, फ्रान्समधून आलेलं. २००७ मध्ये तिथे शंभर रुग्णांवर एक धाडसी प्रयोग सुरू झाला. इमॅटिनिबवर ज्यांच्या रक्तात बीसीआर-एबीएल किमान दोन वर्षं सापडतच नव्हतं, त्यांची गोळी थांबवली. सुमारे चाळीस जणांत आजार परतला नाही. ज्यांत परतला, त्यांच्यापैकी बहुतेकांत तो पहिल्या सहा महिन्यांतच दिसला, आणि गोळी पुन्हा सुरू केल्यावर पुन्हा दबला. पुढे युरोपातल्या साडेसातशेहून जास्त रुग्णांच्या अभ्यासात दोन वर्षांनी निम्मे लोक गोळीविना होते. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे इमॅटिनिबवर पाच वर्षं, पुढच्या पिढीच्या औषधावर चार, आणि त्यातली किमान दोन वर्षं खोल उतारात, मग थांबवण्याचा विचार करता येतो.

“डॅसाटिनिबने तो खोल उतार जास्त जणांना आणि लवकर मिळतो,” भाची म्हणते. “पंचविशीतल्या माणसासाठी आयुष्यभर आणि पाच-सहा वर्षं यांत फरक आहे, मामा. तुमच्या ‘जगले किती’च्या हिशेबात हा फरक येतच नाही.”

मामा बराच वेळ विचार करून म्हणतात, “बाईसाठी पटलं.” मग लगेच, “पण थांबवल्यावर पुढे?”

पुढे पहिले सहा महिने दरमहा रक्ताची पीसीआर तपासणी, म्हणजे बीसीआर-एबीएलची पातळी मोजणारी, मग दोन महिन्यांनी, मग तीन. गोळी थांबवणं म्हणजे दवाखाना सुटणं नव्हे. आणि इथे दोघांच्या बाजू एकाच खिळ्याला येऊन टांगल्या जातात. इमॅटिनिब दिलं तर ते पुरेसं पडतंय का, हे पीसीआरच सांगते: तीन महिन्यांनी १० टक्क्यांच्या आत, सहा महिन्यांनी १ टक्क्याच्या आत, वर्षाने ०.१ टक्क्याच्या आत. जोरकस औषध देऊन पुढे थांबवायचं तरी पीसीआरच लागते. जालन्यात मात्र चित्र असं असतं की गोळी मिळते आणि तपासणी राहून जाते. सीबीसी नॉर्मल आली की सगळं ठीक, असं रुग्णाला वाटतं, पुष्कळदा डॉक्टरलाही. पण सीबीसी नॉर्मल असताना आत पातळी चढत असू शकते, बीसीआर-एबीएलमध्ये टी३१५आयसारखा बदल (म्युटेशन) घडून गोळी निकामी झालेली असू शकते, आणि हे कळतं तेव्हा आजार पुढच्या टप्प्यात गेलेला असतो.

पीसीआरला एका वेळी काही हजार रुपये लागतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत वाढली हे चांगलंच झालं, पण अशा योजनांचा साचा दवाखान्यात भरती होणाऱ्या माणसाभोवती बेतलेला असतो. रोज एक गोळी आणि तीन महिन्यांनी एक नळी रक्त, अशा आजाराला त्यात बसवायचं म्हणजे कागदांची दमछाक. मुंबईला जायचं तर जालन्यातून गाड्या आहेत, दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. पण मजुरी बुडते ती बुडतेच.

एक गोष्ट मात्र हाताशी असून वापरात नाही. क्षयरोगाच्या निदानासाठी जिल्हा रुग्णालयांत सीबीनॅट यंत्रं बसवलेली आहेत. त्याच प्रकारच्या यंत्रात वेगळं कार्ट्रिज घातलं की बीसीआर-एबीएलची पातळी काही तासांत मोजता येते. जगात काही देशांत मॅक्स फाउंडेशनने तसं करून दाखवलं आहे. जालन्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. नवं मशीन नको, नवी इमारत नको, कार्ट्रिजची तरतूद आणि एक प्रशिक्षित माणूस हवा. याबद्दल दोघांत वाद नाही, म्हणूनच कदाचित यावर कमी बोललं जातं.

वाद हवाच असेल तर अ‍ॅसिमिनिब आहे. ही गोळी एटीपीच्या खाचेत न बसता त्याच प्रथिनाच्या दुसऱ्याच कप्प्यात बसते. ४०५ नव्या रुग्णांच्या चाचणीत ४८ आठवड्यांनी ०.१ टक्क्याची पातळी गाठलेले अ‍ॅसिमिनिबवर ६७.७ टक्के, बाकी औषधांवर ४९. दुष्परिणामांमुळे औषध सोडणारेही कमी. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेत ती नव्या रुग्णांसाठी मान्य झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून भारतात ज्या ३३ औषधांवरचा जीएसटी शून्य झाला, त्यांत तिचं नाव आहे.

“कर शून्य झाला, किंमत शून्य झाली का?” मामा विचारतात.

“इमॅटिनिबचीही एकदा सव्वा लाख होती.”

“ती खाली ठेवायला कोर्टात जावं लागलं. आज ज्याचा रिपोर्ट आला, त्याने तोवर काय घ्यायचं?”

“पानथरी किती मोठी, वय किती, प्लेटलेट किती, ब्लास्ट म्हणजे कच्च्या पेशी किती, ते बघून जोखीम काढायची,” भाची म्हणते. “कमी असेल तर तुमचं इमॅटिनिब. जास्त असेल, किंवा पुढे गोळी थांबवायची असेल, तर डॅसाटिनिब पन्नास, आणि पॅन-डी बंद. तीन महिन्यांनी पीसीआर. दहा टक्क्यांच्या वर आली तर पुन्हा तपासायची, मग म्युटेशन बघायचं, गोळ्या किती चुकल्या ते विचारायचं, मग औषध बदलायचं.”

“चुकल्या किती ते आधी विचार,” मामा म्हणतात. “म्युटेशनची तपासणी महाग आहे.”